लॉन्सच्या गेटबाहेर फलक धरून उभे राहिलेल्यांना, आतल्या फोटोग्राफरकडून

नमस्कार मंडळी,

आधी ओळख सांगतो म्हणजे आठवेल. फेब्रुवारीतलं ते गोरज मुहूर्ताचं लग्न, ज्याच्या खर्चाविरुद्ध तुम्ही फलक धरून उभे होतात, तिथे संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला एक टकला माणूस गेटबाहेरच्या टपरीवर तुमच्या शेजारी उभा राहून घाईघाईत चहा ओतत होता ना घशात, तो मी. तुमच्यातल्या चष्मेवाल्या पोराने मला विचारलं होतं, "काका, आत एका ताटाचा रेट काय आहे माहितीये का?" मी म्हणलं माहितीये. तर तो म्हणाला, "आणि तरी तुम्ही ह्यांचे फोटो काढता?" तेवढ्यात आतून असिस्टंटचा फोन आला की गुरुजी सप्तपदी सुरू करतायत, कुठे आहात, आणि मी अर्धा कप तसाच ठेवून पळालो. उत्तर राहूनच गेलं. ते आता देतोय. लांबेल जरा, मला लिहायची सवय नाही, आम्ही लोक कॅप्शनसुद्धा दोन शब्दांच्या वर टाकत नाही.

पहिलंच सांगून टाकतो, मी तुमच्या बाजूचा नाही. जुन्या वळणाचा माणूस आहे. देवधर्म करतो, कर्जाला घाबरतो, आणि दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये असं आईने लहानपणी मांडीवर चिमटा काढून शिकवलंय ते अजून विसरलेलो नाही. पण तुम्ही दगड मारले नाहीत, शिवीगाळ केली नाही, नवरीची गाडी आली तेव्हा बाजूला पण झालात, हे मी बघितलं. म्हणून लिहावंसं वाटलं, नाहीतर सोडून दिलं असतं.

तुमच्या एका फलकावर लिहिलं होतं, 'एक ताट = मजुराचे चार दिवस'. हिशोब बरोबर आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याच संध्याकाळी आत वाढप्याची पोरं किती होती मोजलीत का? साठ-सत्तर तरी होती, बरीचशी त्र्यंबक-पेठ भागातली, कॉलेज करून सीझनमध्ये हे काम करणारी. मग मांडववाले, फुलवाले, फेटे बांधणारे दोघं (एक फेटा दीड मिनिटात बांधतात, मी व्हिडिओ काढलाय), मेंदीवाल्या मुली, जनरेटरवर बसलेला एक म्हातारा, ढोलवाले, आणि वरातीत डोक्यावर लाईटची छत्री घेऊन चालणाऱ्या बारा बायका ज्यांचा फोटो अल्बममध्ये कधीच येत नाही. माझी टीम सहा जणांची. यजमानांच्या खिशातून त्या दिवशी जे गेलं ते हवेत उडालं नाही ना, ह्या सगळ्यांच्या घरी गेलं. त्या माणसाने तेच पैसे बँकेत एफडी करून ठेवले असते तर तुम्ही गेटवर आला नसता आणि आम्ही सगळे घरी बसलो असतो. मग श्रीमंताने नक्की करावं काय तुमच्या मते? खर्च केला तर माज, नाही केला तर कंजूष.

आता हे माझं असं का झालं ते सांगतो. आमचे वडील, नाना, मुंबईत लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार संपावर गेले त्यात नाना होते. नाना मरेपर्यंत डॉक्टरांबद्दल एक वाईट शब्द बोलले नाहीत, आणि मागण्याही चूक नव्हत्या, पगार खरंच तुटपुंजा होता. पण पुढे काय झालं ते तुम्ही लोअर परळला जाऊन बघा, जिथे साचे चालायचे तिथे मॉल आहे, टॉवर आहे, आणि त्याच टॉवरच्या खालच्या हॉटेलात मी दोन वर्षांपूर्वी एक रिसेप्शन शूट केलंय. मालक गेला का कुठे? गिरणी गेली, जमीन राहिली, जमीन मालकाची. नाना मात्र पत्र्याची ट्रंक घेऊन सिन्नरला परत आले. तो संप रीतसर कुणी मागे घेतलाच नाही, त्यामुळे कागदावर आमचे नाना अजून संपावरच आहेत असं आम्ही घरात चेष्टेने म्हणतो.

त्यांनी मग चाळीतल्या एका शेजाऱ्याकडून जुना याशिका कॅमेरा घेतला, हप्त्याने, आणि लग्नाचे फोटो काढायला लागले. बारा फोटोंचा रोल, एक चुकला की रात्रभर झोप नाही. आणि पहिली मोठी ऑर्डर कुणाची असेल? तालुक्यातल्या एका सावकाराच्या मुलीच्या लग्नाची. ज्याच्याकडे अर्ध्या गावाची कागदं होती त्याच्या घरच्या पैशातून आमच्याकडे शिलाई मशीन आली आणि त्या मशीनवर आईने माझी फी भरली. मला सांगा, मी त्या सावकाराचा राग करू की आभार मानू? मला अजून ठरवता आलेलं नाही, पण एक नक्की कळलंय की वरच्यांवर फेकलेला राग वरपर्यंत पोचतच नाही, मधेच आमच्या अंगणात पडतो.

तुमच्यातल्या एका मुलीने तेव्हा मोबाईलवर मला व्हेनिसची रील दाखवली होती, 'बघा काका, तिकडे लोकांनी कसं हलवलं.' मी घरी येऊन सगळं वाचलं त्याबद्दल. जून २०२५, ॲमेझॉनवाल्या जेफ बेझोसचं लग्न, दोनशेच्या आसपास पाहुणे, 'नो स्पेस फॉर बेझोस' म्हणून गावातल्या लोकांनी मोहीम काढली, कालव्यात हवेच्या मगरी सोडू म्हणाले, आणि शेवटी एक कार्यक्रम शहराच्या मधल्या जागेतून हलवून आर्सेनालेला, म्हणजे तिथल्या जुन्या जहाजगोदीत, न्यावा लागला. मगरींची आयडिया मला आवडली हे कबूल करतो, फोटो काय भारी आले असते. पण लग्न झालंच ना? पाहुण्यांना वाटायला मुरानो बेटावरच्या काचेच्या वस्तू तिथल्याच कारागिरांच्या, मिठाई रोझा साल्वाची, म्हणजे गावातल्या जुन्या दुकानाची. त्या काचवाल्याला मोहिमेतल्या कुणी जाऊन विचारलं असेल का की बाबा तुझं काय म्हणणं आहे, असं सारखं मनात येतं. व्हेनिसवाल्यांचं दुखणं वेगळं आहे हेही मला पटतं, तिथे जुन्या शहरात आता पन्नास हजारसुद्धा लोक राहिले नाहीत, घरं सगळी टुरिस्टला भाड्याने, त्यांचा राग गाव हातातून गेल्याचा आहे. तो मला कळतो. आपलं गाव आपलं राहावं असं वाटणं हे तर माझ्यासारख्या जुन्या माणसाचंच मागणं झालं.

आणि पर्यावरणवाल्या ग्रीनपीस संघटनेच्या लोकांनी व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात अंथरलेल्या त्या भल्यामोठ्या फलकावर होतं की लग्नासाठी व्हेनिस भाड्याने घेता येतं तर टॅक्सही जास्त भरता येईल. हे बोलणं सरळ आहे. टॅक्सचं बोलायचंय ना, बोला, दिल्लीत बोला, निवडणुकीत बोला, मी ऐकेन, कदाचित पटणार नाही पण ऐकेन. आपल्याकडे हेही करून झालंय की. १९७३-७४ ला वरच्या थरातला इन्कम टॅक्स ९७.७५ टक्के होता, म्हणजे वरच्या शंभरातले सव्वादोन रुपये हातात. श्रीमंत संपले? पैसा गादीखाली गेला, बस. नाना सांगायचे की त्याच सुमाराला गेस्ट कंट्रोल होतं, इतक्याच पाहुण्यांना जेवण घालायचं असा सरकारी नियम, तर मुंबईत लोक रिसेप्शनला आईस्क्रीमची कपं हातात देऊन पाहुण्यांना वाटेला लावायचे आणि जवळच्यांच्या पंक्ती मागच्या दाराने उठायच्या. वारसा कर होता तो १९८५ ला गेला, संपत्ती कर तेव्हाचे अर्थमंत्री जेटलींनी २०१५ च्या बजेटमध्ये काढला आणि त्याच्या जागी कोटीच्या वर कमावणाऱ्यांवर दोन टक्के सरचार्ज वाढवला, कारण संपत्ती कर गोळा करण्यातच दमछाक होत होती. खासदार रंजीत रंजन यांनी मागे एक बिल आणलं होतं, लग्नावर पाच लाखांपेक्षा जास्त खर्च केला तर दहा टक्के गरीब मुलींच्या लग्नासाठी द्या. पास झालं नाही. झालं असतं तर आमच्या धंद्यात काय झालं असतं ते मी लिहून देतो, चार लाख नव्वद हजारांचं पक्कं बिल आणि बाकीचं वहीत.

अंबानींच्या लग्नाचं म्हणाल, जुलै २०२४, तर त्यात मुंबईतल्या बीकेसीचे रस्ते चार दिवस वळवले ह्याचा राग मला पण आला होता. रस्ता सगळ्यांचा आहे. पोलिसांनी कुणा एकाच्या घरच्या कार्यासाठी तो अडवू नये, मग तो अंबानी असो नाहीतर आमच्या गल्लीतला रस्त्यावरच मांडव टाकणारा नगरसेवक. तुम्ही ह्यासाठी फलक धरला असता तर मी कॅमेरा ठेवून तुमच्यात आलो असतो. पण त्यांनी मुलाच्या लग्नात किती उधळले हे मोजायला मी कोण.

मोठी लग्नं बंद झाली तर काय होतं हे आम्ही एकदा बघितलंय, अंदाजाने नाही बोलत. २०२० मध्ये पन्नास माणसांत लग्न. मग एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं, दोन तासांत उरका, नियम मोडला तर पन्नास हजार दंड. साधं लग्न, जसं तुम्हाला हवंय तसं. त्या सीझनला माझ्या बावीस तारखा बुक होत्या, त्यातल्या तीन झाल्या, आणि त्या तीनमध्येही नवरदेवाच्या मावसभावाने मोबाईलवर शूटिंग केलं. एक लेन्स विकली, ८५ एमएम, जीव होता माझा तिच्यावर. माझ्याकडचा ड्रोनवाला पोरगा भाजी विकायला लागला. ओळखीतल्या बँडवाल्याने ट्रम्पेट गहाण टाकलं, घेणाऱ्याने विचारलं ह्याचं मी करू काय. ह्या लोकांसाठी तेव्हा कुणी गेटवर उभं राहिलं नाही, तुम्ही बहुतेक शाळेत असाल तेव्हा, तुमचा दोष नाही.

आता जरा दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण नुसतं श्रीमंतांचं वकीलपत्र घेतलंय असं वाटायला नको.

श्रीमंत म्हणजे देवमाणूस असं माझं अजिबात म्हणणं नाही. एका मोठ्या घरच्या लग्नाचे ऐंशी हजार माझे दीड वर्ष अडकलेत. फोन केला की 'अल्बमचं सिलेक्शन व्हायचंय, ताई अमेरिकेत आहेत, आल्या की बघू.' चार हजार फोटोंतून दोनशे निवडायला ताईंना दीड वर्ष लागतंय. त्याच महिन्यात एका रिक्षावाल्याच्या मुलीचं लग्न केलं होतं, त्याने हळदीच्या दिवशीच पाचशेच्या नोटांचा गठ्ठा रबर लावून हातात दिला, मोजून घ्या म्हणाला. तुम्हाला खरंच आमच्यासाठी काही करायचं असेल ना तर पुढच्या वेळी फलकावर लिहा, 'फोटोग्राफरचं बॅलन्स द्या'. मी स्वतः छापून देतो, फ्लेक्सवाला मित्र आहे.

पण खरं दुखणं त्या गेटच्या आत नाहीच आहे, ते सांगायला हे पत्र. त्या फेब्रुवारीच्या लग्नातल्या माणसाला तो खर्च झेपला. द्राक्षं बाहेर जातात, वर प्लॉटिंगचा धंदा, दुसऱ्या दिवशी सकाळी तो बागेत होता. आमच्याकडे म्हणच आहे, बाग चांगली गेली की अल्बमची पानं वाढतात. मला झोप लागत नाही ती दुसऱ्या लग्नांमुळे. तीन एकरवाला, कांद्याचे भाव पडलेले, आणि त्याला मोठ्याच्या लग्नासारखाच एलईडी वॉल हवाय, ड्रोन हवाय, प्री-वेडिंग हवंय.

एक प्रसंग सांगतो. मंगलाष्टकं चालू होती. माझं असं आहे की शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट खाली येतो त्या अर्ध्या सेकंदात मी नवरा-नवरीचा फोटो घेत नाही, तो दुसरा कॅमेरा घेतो, मी मुलीच्या आईबापाकडे लेन्स वळवलेली असते. तिथे जे दिसतं ते पुन्हा कधी दिसत नाही. तर त्या दिवशी अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये आई रडतेय, बाप नाहीच. शोधला तर मांडवाच्या मागे, भांडी घासायच्या जागी, केटररबरोबर उभा. चारशे ताटं ठरली होती, साडेपाचशे झाली होती. हातात अक्षता तशाच, मुठीत, हळदीने पिवळ्या झालेल्या, आणि दुसऱ्या हाताने तो मोबाईलवर गुणाकार करत होता. मी फोटो काढला नाही. म्हणजे बोट बटणावर होतं पण दाबलं नाही. आणि ऐका, त्या माणसाला ड्रोन मीच विकला होता. ऑफिसात समोर बसून, 'दादा, एकच मुलगी आहे, आयुष्यात एकदाच होतं, पंधरा हजाराने काय फरक पडतो' असं मीच म्हणालो होतो. बारा हजारात केला शेवटी. तुमच्या चष्मेवाल्याने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर ते हे आहे, मला श्रीमंतांचे फोटो काढायची लाज वाटत नाही, मला त्या बारा हजाराची वाटते.

ह्याला तुम्ही म्हणाल की बघा, श्रीमंतांचं बघूनच तो करतो ना, म्हणून तर आम्ही गेटवर उभे राहतो. अर्धं बरोबर आहे. पण गेटवर उभं राहून तो थांबणार नाही हो, उलट त्याला वाटेल की ज्या लग्नाबाहेर लोक बोंब मारतात ते खरं लग्न. त्याला थांबवायचं तर त्याच्या ओट्यावर बसून कुणीतरी भावकीतल्याने सांगितलं पाहिजे. मे २०२५ मध्ये पुण्याकडे हुंड्यापायी एका सुनेचा जीव गेला, तिचं लग्न किती थाटात लागलं होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. त्याच्यानंतर अहिल्यानगरला मराठा समाजाच्या लोकांनी बसून लग्नाची आचारसंहिता ठरवली, पाहुणे मोजके, डीजे नको, प्री-वेडिंगचे व्हिडिओ मांडवात दाखवायचे नाहीत. आमच्या फोटोग्राफरच्या ग्रुपवर त्या दिवशी नुसता गोंधळ, पोटावर पाय आला म्हणून. मी एकट्याने लिहिलं की चांगलं केलं. दोघं ग्रुप सोडून गेले.

मला ते पटलं कारण ते घरातल्या लोकांनी घरातल्यांना सांगितलं. त्यात कुणा श्रीमंताला शिव्या नव्हत्या. आणि तुम्ही फुल्यांचं नाव घेता, घ्यायलाच पाहिजे, तर २५ डिसेंबर १८७३ ला पहिला सत्यशोधक विवाह लागला तेव्हाही जोतिराव दुसऱ्याच्या मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले नव्हते. त्यांनी आपल्या लोकांसाठी वेगळा मांडव घातला, कमी खर्चाचा, भटजी आणि सावकार दोघांना वगळून. मी काही त्यांचा अनुयायी वगैरे नाही, माझ्याकडे सगळे विधी साग्रसंगीत लागतात, पण काम करायची ही पद्धत मला मानवते.

मी माझ्यापुरतं एक केलंय. समोरचा माणूस ऑफिसात आला की आता आधी विचारतो, किती झेपेल. आणि तो जो आकडा सांगतो त्याच्या खाली मी पॅकेज बसवतो. ड्रोन त्याने मागितला तरच. ह्या सीझनला धंदा थोडा बसला ह्याने, बायको बोलते रोज, अठरा टक्के जीएसटी भरून उरतं काय म्हणते. चालायचंच.

तुमच्यातल्या कुणाला माझ्याबरोबर एक दिवस यायचं असेल तर या. लाईट धरायला माणूस लागतोच, सीझनमध्ये पोरं मिळत नाहीत. सातशे रुपये आणि जेवण. तेच ताट जेवायला मिळेल ज्याचा रेट तुम्ही विचारत होता, फक्त आम्ही साडेचारला जेवतो, गार झालेलं, स्टेजच्या मागे.

आणि एक राहिलं. त्या रात्री सप्तपदीनंतर मी बॅटरी बदलायला परत गेटजवळ आलो होतो, तुम्ही बघितलं नाही. मागे लॉन्सच्या लाईटच्या माळा, पुढे तुम्ही नऊ जण, थंडीने फलक खांद्याला टेकवलेले, चष्मेवाला पोरगा कुणाच्यातरी हातातली भेळ खातोय आणि ती रीलवाली मुलगी बारीक तोंड करून वरातीच्या ढोलाकडे बघतेय, पाय मात्र तिचा ठेक्यावर. एक फ्रेम घेतली. उगाच, सवय. फोटो चांगला आलाय, मी एडिट पण केलाय. हवा असेल तर स्टुडिओत येऊन घेऊन जा, पैसे नकोत. व्हॉट्सॲपवर मागू नका, क्वालिटी जाते, येताना पेनड्राइव्ह आणा.

तुमचा,
गेटच्या आतला फोटोग्राफर, नाशिक